पोर खोटं बोलत नाही, त्याचा हिशेब चुकतो

गोष्ट सांगणारा निवेदक लहान मूल असेल तर तो अविश्वसनीय, म्हणजे त्याच्या सांगण्यावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, हे ठरलेलंच, असं बऱ्याचदा म्हटलं जातं. सरसकट पटत नाही. आयरिश लेखक फ्रँक ओ'कॉनर यांची 'माय ईडिपस कॉम्प्लेक्स' ही कथा घ्या. ती सांगणाऱ्या छोट्या लॅरीचे वडील पहिल्या महायुद्धावर गेलेले. घरात आई नि हा, बस्स. हा पोरगा बिनदिक्कत सांगतो की युद्धाचा काळ आपल्या आयुष्यातला सगळ्यात शांततेचा काळ होता! वडील परत यावेत म्हणून आईबरोबर प्रार्थनाही करतो आणि ते आल्यावर पलंगावरची आपली जागा गेली म्हणून धुसफुसतो.

यात खोटं काय आहे? सकाळी उठून स्वतःच्या दोन पायांना बायकांची नावं देऊन त्यांच्यात गप्पा घडवणारा हा मुलगा जे बघतो ते चोख सांगतो. गफलत होते ती अर्थ लावण्यात, आणि ती वाचकाला लगेच कळते. अट्टल लबाड प्रौढ निवेदक आपल्यापासून काहीतरी दडवतो. लॅरीला दडवायचं सुचतच नाही.

खरी शंका घ्यायची तर भाषेवर घ्यावी. ही गोष्ट मोठा झालेला लॅरी सांगतोय, त्यामुळे मिश्किलपणा नेमका कुणाचा, हा प्रश्न उरतोच. प्रकाश नारायण संतांच्या कथांमधला लहानगा निवेदक लंपन, त्याच्याकडे वळलं की मुलगा आणि सांगणारा मोठा माणूस यांच्यातलं हे अंतर जवळजवळ जाणवत नाही. त्याचा तो 'मॅडसारखं' हा नेहमीचा शब्द ऐकताना मध्ये कुणी मोठा माणूस उभा आहे असं वाटत नाही. कारागिरी म्हणून मला तेच जास्त अवघड वाटतं.