विषय: चेस्टर बोल्स – दिल्लीत सोय लावली होती का?

मंडळी, नमस्कार.
कालच्या मेलमध्ये कुणीतरी ठोकून दिलंय की निवडणूक हरलेल्या आपल्या कनेटिकटच्या गव्हर्नरची, बोल्सची, अमेरिकेचा राजदूत करून दिल्लीत सोय लावली. म्हणजे आपल्याकडे पडलेल्या आमदाराला महामंडळ देतात, तसंच ना? काका, तुम्हीच सांगा.
– न्यू हेवनहून

---

अरे, हरले हे खरं. १९४९ मध्ये कनेटिकटचे गव्हर्नर झाले आणि १९५० च्या निवडणुकीत जॉन लॉज यांनी त्यांना पाडलं. (हे लॉजही पुढे स्पेनमध्ये राजदूत झाले!) पण भारत बोल्सनी स्वतः मागून घेतला. मूळचे जाहिरातवाले, युद्धकाळात देशभरचं भावनियंत्रण सांभाळलेले; अशा माणसानं १९५१ मध्ये दिल्ली मागावी याचं राष्ट्राध्यक्ष ट्रुमनना नवल वाटलं. मुलं तिथल्याच शाळेत घातली.

१९६३ ला पुन्हा गेले, तेव्हा राजदूतासाठी नवंकोरं रूझवेल्ट हाउस तयार होतं. हे राहिले रॅटनडन रोडच्या बंगल्यातच. ६ मार्च १९६७ च्या संध्याकाळी स्टॅलिनची मुलगी स्वेतलाना थेट वकिलातीत येऊन आसरा मागू लागली. बोल्सनी वॉशिंग्टनला तार केली: उलट निरोप आला नाही तर तिला रोमच्या विमानात बसवतो. त्याच रात्री बसवलंही. सोय लावलेला माणूस असली जोखीम घेत नाही.
– काका, हार्टफर्ड

---

काका, तो किस्सा भारीच. पण आमच्या पिढीला आठवते ती रेशनची रांग. पीएल-४८० चा, म्हणजे अमेरिकेच्या धान्यमदतीतला लाल गहू, आणि भाकरी नीट थापता न येणारा तो मिलो (अमेरिकेतली ज्वारी). १९६५-६६ च्या दुष्काळात राष्ट्राध्यक्ष जॉन्सननी धान्य हप्त्याहप्त्यानं सोडलं. व्हिएतनाम युद्धावरून भारत अमेरिकेला बोलतो याचा राग होताच. बोल्स दिल्लीहून सारखी रदबदली करत राहिले, आणि वॉशिंग्टनमध्ये ‘हा भारताचाच वकील’ म्हणून त्यांचं म्हणणं बाजूला ठेवलं गेलं. जाहिरातीत मुरलेल्या माणसाला आपल्याच राष्ट्राध्यक्षाला गळी उतरवता येऊ नये! मला त्यांच्या धडाडीपेक्षा ही हतबलता जास्त खरी वाटते.
– ताई, स्टॅमफर्ड

---

ताई, त्यांची कागदपत्रं इथे येल विद्यापीठातच आहेत. त्यातला गव्हाचा पत्रव्यवहार चाळायला कोण कोण येतंय? आधी नोंदणी करावी लागते, तेव्हा गुरुवारपर्यंत कळवा.
– न्यू हेवनहून