प्राणवायूचा आलेख: उभा अक्ष साधा की घातांकी? मदत हवी आहे

पुण्यातल्या मराठी शाळेच्या व्हरांड्यात, २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी, पृथ्वीच्या हवेतल्या प्राणवायूचा इतिहास दाखवणारी ४५० सेंमी लांब आणि ३५ सेंमी उंच कागदी पट्टी लावायची आहे. १ सेंमी म्हणजे १ कोटी वर्षं. आडवा अक्ष सुटला, घोडं अडलंय उभ्यावर.

साधा अक्ष (१ सेंमी = हवेतला १ टक्का) घेतला, तर साधारण ३० कोटी वर्षांपूर्वीचा ३० टक्क्यांच्या आसपासचा उंचवटा झकास दिसतो. पण सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वीची मोठी उडी पेन्सिलीच्या रेषेतच बुडते. त्याआधी प्राणवायू आजच्या एक लाखांशाहून कमी होता, हे जुन्या खडकांतल्या गंधकाच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंवरून) कळतं.

घातांकी, म्हणजे लॉगॅरिदमिक, अक्ष (दर दसपटीला ५ सेंमी) घेतला, तर ती उडी दिसते. मात्र २१ ते ३० टक्क्यांची वाढ जेमतेम ८ मिमी उरते. शिवाय या अक्षावर शून्य नसतं, आणि मुलं तळाची रेघच शून्य समजतात.

घातांकी अक्षावर एकक 'आजच्या पातळीच्या किती टक्के' हेच ठेवलंय. यातला १ टक्का म्हणजे हवेतला ०.२१ टक्का, इथे हमखास घोळ होतो.

मुलं आठवी-नववीची, लॉगॅरिदम न शिकलेली. आलेख हातानेच काढायचाय, त्यामुळे सॉफ्टवेअर नको.

५४ कोटी वर्षांपूर्वीच्या खुणेपाशी पट्टी तोडून डावीकडे घातांकी, उजवीकडे साधा अक्ष ठेवला तर फसवणूक होईल का? आणि १८० ते ८० कोटी वर्षांपूर्वीचे अंदाज आजच्या पातळीच्या ०.१ ते १० टक्के इतके पसरलेत, तिथे रेघ न ओढता नुसता रंगीत पट्टा भरावा का?