कोड्यातले 'नीस' आणि तीन बाळाजी

प्रश्न : शब्दकोड्यात आडवा शब्द अडला आहे. शोधसूत्र आहे, 'शिवरायांच्या दिनचर्येची नोंद ठेवणारा अष्टप्रधान', ४ अक्षरं. उभ्या शब्दांमुळे शेवटी 'नीस' पक्कं झालंय. सुरनीस की वाकनीस? आणि या सगळ्या शब्दांत हे 'नीस' येतं कुठून?

उत्तर : वाकनीस. सुरनीसाचं काम वेगळं होतं : राजपत्रांतला मजकूर तपासायचा, अक्षर कमीजास्त असेल तर शुद्ध करायचं. राजाच्या रोजच्या घडामोडी लिहून ठेवायच्या त्या वाकनीसाने. राज्याभिषेकाच्या वेळी ते दत्ताजी त्रिंबक होते, आणि सुरनीस अण्णाजी दत्तो.

'नीस' म्हणजे फारसीतलं 'नवीस', लिहिणारा. वाके म्हणजे घडामोडी, त्या लिहिणारा तो वाकेनवीस, बोलता बोलता झाला वाकनीस. चिठ्ठीनवीसाचा चिटणीस झाला, फडनवीसाचा फडणीस. घरं भरताना इथेच नीट पाहावं लागतं. वाकनीस, सुरनीस, सबनीस यांत 'नी' आहे, तर चिटणीस, फडणीस यांत 'णी'. पाचही शब्द चारच अक्षरांचे. तिसरं घर कापणाऱ्या उभ्या शब्दात न आहे की ण, एवढं कळलं की निम्मे पर्याय गळतात. तुमच्याकडे 'नी' आला आहे, म्हणजे चिटणीसाचा विचारच नको. तसंही चिटणीस अष्टप्रधानांत नव्हते.

दुसरं उत्तर : वरच्या उत्तरात थोडी भर. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या सुमारास फारसी पदनामांना संस्कृत पर्याय रूढ केले गेले. राज्यव्यवहारकोश तयार करण्यामागेही हाच हेतू होता. त्यामुळे एकाच पदाला दोन नावं आहेत आणि कोडं रचणाऱ्याला वेगवेगळ्या लांबीचे शब्द आयते मिळतात. मुजुमदार पाच घरांचा, अमात्य तीन. सरनोबत पाच, सेनापती चार. वाकनीस चार, मंत्री दोन. डबीर आणि सुमंत मात्र दोन्ही तीनच घरांचे, तिथे उभा शब्द आल्याशिवाय पेन टेकवू नये, असं माझं ठाम मत आहे. सूत्रात 'शिवकालीन परराष्ट्र व्यवहार पाहणारा' एवढंच असेल तर दोन्ही तितकेच बरोबर. चांगला कोडेकार अशा वेळी 'फारसी पदनाम' असं सांगून मोकळा होतो.

फडणवीस आणि फडणीस हा घोळ तर नेहमीचाच. दोन्ही रूपं चालतात, पाच घरं की चार एवढंच पाहायचं.

प्रश्नकर्ता : वाकनीस चपखल बसलं, मनापासून आभार! आता त्याच कोड्यातलं दुसरं : 'पेशवाईतील मुत्सद्दी, वडिलांच्या नावासह', ७ अक्षरं. पहिली तीन घरं 'बाळाजी'. मग बाळाजी विश्वनाथच ना?

उत्तर : थांबा, एवढ्यात भरू नका. इथे तीन बाळाजी उभे आहेत आणि तिघेही सात घरांत तंतोतंत बसतात. बाळाजी विश्वनाथ, ज्यांना १७१३ मध्ये शाहू छत्रपतींनी पेशवेपद दिलं. बाळाजी बाजीराव, म्हणजे त्यांचे नातू नानासाहेब, १७४० ते १७६१ पेशवे. आणि बाळाजी जनार्दन, म्हणजे नाना फडणवीस. जोडाक्षराला आणि रफाराच्या अक्षराला एकच घर, म्हणून वि-श्व-ना-थ, बा-जी-रा-व, ज-ना-र्द-न, सगळे चार-चार घरांचे. चौथे बाळाजी आवजी चिटणीस, पण ते सहाच घरांत संपतात.

सूत्रात 'मुत्सद्दी' म्हटलंय, 'पेशवे' म्हटलेलं नाही. हा शब्द फार मोलाचा आहे. ऐतिहासिक व्यक्तीच्या सूत्रात आधी पाहावं की विचारलंय काय : पद, पदवी, टोपणनाव की जन्मनाव? 'नेसरीला धारातीर्थी पडलेले सरनोबत' याला पाच घरं असतील तर प्रतापराव, चार असतील तर कुडतोजी. माणूस एकच. प्रतापराव ही महाराजांनी दिलेली पदवी, मूळ नाव कुडतोजी गुजर. उलट 'नानासाहेब' म्हटलं की माणसं दोन : एक पानिपताच्या वेळचे पेशवे आणि दुसरे १८५७ च्या उठावातले, दुसऱ्या बाजीरावांचे दत्तकपुत्र. तिथे 'ब्रह्मावर्त' किंवा 'कानपूर' असा एखादा शब्द सूत्रात हवाच, नाहीतर तो सोडवणाऱ्यावर अन्याय आहे. शाहूंचंही तसंच, 'सातारा' की 'राजर्षी' हे पाहिल्यावरच शतक ठरतं.

तुमच्या पाचव्या घरात काही आलंय का?

प्रश्नकर्ता : हो, 'ना' आलंय. उभा शब्द 'नाणेघाट', पहिलंच अक्षर.

उत्तर : मग 'नाणेघाट'चं पहिलं अक्षर 'ना' पाचव्या घरात. विश्वनाथचा 'ना' सहाव्या घरात पडतो, बाजीरावांच्या पाचव्यात 'जी' येतो. बाळाजी जनार्दन. बिनधास्त भरा.