शाकाहार, अ‍ॅलर्जी आणि गाडीवरचे खाणे : ठाणे-नवी मुंबईतील अनुभव

शाकाहारी असून शेंगदाणा, गहू, दूध, सोया किंवा तीळ यांपैकी कशाची तरी अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना गाडीवर दोन प्रश्न विचारावे लागतात. अंडे किंवा मांस आहे का, या प्रश्नाचे उत्तर लगेच मिळते, कारण तो रोजच विचारला जातो; अ‍ॅलर्जीच्या प्रश्नावर मात्र ‘थोडंसंच आहे, काही होत नाही’ असे ऐकावे लागते. पाकीटबंद पदार्थांवर शेंगदाणे, दूध, सोयाबीन, ग्लुटेनयुक्त धान्ये इत्यादींचा स्पष्ट उल्लेख करणे एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार बंधनकारक आहे, परंतु गाडीवर बनणाऱ्या पदार्थाला वेष्टनच नसते. म्हणून आपण काय विचारता, काय टाळता आणि काय निर्धास्तपणे खाता, हे सविस्तर लिहावे, ही विनंती वाचकांना केली होती. त्यावर आलेली काही उत्तरे अशी.

नौपाडा, ठाणे
माझ्या मुलाला शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी आहे. वडापावात बेसन आणि बटाटा सर्वांना दिसतो, पण आमची भीती सुक्या लाल चटणीची असते, कारण तिच्यात लसूण आणि सुक्या खोबऱ्याबरोबर पुष्कळ ठिकाणी भाजलेले दाणे वाटलेले असतात. ‘चटणी नको’ एवढे सांगून भागत नाही. ज्या हाताने आधीच्या दहा पावांना चटणी लावली, तोच हात पुढचा पाव उघडतो. त्यामुळे आम्ही गर्दी सुरू होण्यापूर्वी जातो, ‘काका, हात धुऊन नुसता वडा कागदावर द्याल का?’ असे विचारतो आणि पाव घरून नेतो. कढईचीही चौकशी करावी लागते. पूर्णपणे रिफाइंड केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिने जवळजवळ उरत नाहीत, घाण्याच्या तेलात ती राहतात. शिवाय त्याच तेलात साबुदाणा वडे तळले असतील, तर त्यांतले दाण्याचे कूट तेलात उतरलेले असते. संकष्टीला आणि एकादशीला म्हणूनच आम्ही गाडीवर काहीही घेत नाही. उपवासाचे खाणे म्हणजे सात्त्विक आणि निर्धोक, असे नातेवाईक प्रेमाने सांगतात; आमच्या घरासाठी तेच सर्वांत धोक्याचे आहे.

वाशी
मला गव्हाची अ‍ॅलर्जी आहे. पाव, पुरी आणि समोसा टाळणे सोपे आहे. अडचण हिंगाची होते. बाजारातील बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ, मैदा किंवा तांदळाचे पीठ मिसळलेले असते आणि गाडीवर त्याची डबी क्वचितच समोर असते. त्यामुळे तांदूळ-उडदाचा साधा डोसा मी सांबाराशिवाय घेते. ढोकळा बेसनाचाच असेल असे मी गृहीत धरत नाही, कारण त्यात रवाही असू शकतो. भाजलेले कणीस आणि शहाळे यांबाबत कोणालाच काही विचारावे लागत नाही, याचे समाधान वेगळेच असते.

खारघर
दुधाच्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी आहे. ‘बटर नको’ म्हटले की मी वजन कमी करतो आहे असा समज होतो आणि तवा पुसला न जाता त्यावरच भाजी परतली जाते. पावभाजी मी सोडून दिली आहे.

नेरूळ
चायनीजच्या गाड्यांवर माझे दोन्ही प्रश्न एकत्र येतात. सोया सॉसमध्ये सोयाबीन आणि बहुधा गहूही असतो, तर कढई आणि झारा शाकाहारी व मांसाहारी पदार्थांना एकच असतो. भाताच्या पदार्थात सॉस घालू नका असे सांगितले, तरी कढईला आधीच्या पदार्थाचे सॉस लागलेलेच असते. केवळ शुद्ध शाकाहारी गाडी निवडल्याने यातला अर्धाच प्रश्न सुटतो, हे घरातील तरुण मुलांना मी आवर्जून समजावते.

कोपरी, ठाणे
मी वैद्यकीय व्यवसायात आहे, म्हणून एवढेच लिहितो. अंगावर गांधी उठण्याबरोबर श्वास लागणे, घसा आवळणे, वारंवार उलट्या किंवा चक्कर यांपैकी काही झाले, तर सेट्रिझिनसारख्या अ‍ॅलर्जीच्या गोळीवर विसंबून थांबू नये. अशा वेळी मांडीच्या बाहेरील बाजूस, स्नायूत दिलेले अ‍ॅड्रिनॅलिनचे इंजेक्शन हा पहिला उपचार आहे. रुग्णाला उभे करू नये, चालवू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ज्यांना पूर्वी असा झटका आला आहे, त्यांनी अ‍ॅड्रिनॅलिन जवळ बाळगण्याबाबत आणि ते कसे द्यावे याबाबत आपल्या डॉक्टरांकडून आधीच शिकून घ्यावे.

पाचपाखाडी, ठाणे
तिळाबद्दल फारसे बोलले जात नाही. एफएसएसएआयच्या अ‍ॅलर्जीकारक घटकांच्या यादीत तीळ नाही. अमेरिकेत मात्र २०२३ पासून त्याचा उल्लेख सक्तीचा आहे. गोड्या मसाल्यात तीळ असतातच, कांदा-लसूण मसाल्यातही पुष्कळदा असतात. त्यामुळे मिसळीच्या कटात तीळ आहेत का, यापेक्षा मसाला घरचा की विकतचा आणि तो कोणता, असे मी विचारते.

कळवा
मी स्वतः थालीपीठ आणि साबुदाणा वडे विकते. ‘अ‍ॅलर्जी आहे’ एवढे ऐकून आम्हाला त्याचे गांभीर्य कळत नाही. ‘मावशी, दाणे पोटात गेले तर मुलाचा श्वास अडकतो’ असे सांगणाऱ्या एका आईमुळे मला ते उमगले. त्यांच्यासाठी मी कूट काढण्यापूर्वी, धुतलेल्या परातीत पीठ मळून वेगळ्या तव्यावर थालीपीठ लावते. आदल्या दिवशी सांगितले तर हे जमते. संध्याकाळच्या गर्दीत मी स्पष्ट नाही म्हणते, आणि तेव्हा कृपया आग्रह करू नये.