अन्याय झाला त्या जागी वर्ग नेताना : अनुभव धागा

सिंहगड, शनिवारवाड्याच्या सहली आपण डोळे मिटून काढतो. पण जिथे माणसांवर अन्याय झाला, तिथे वर्ग नेलाय का कुणी? काय फसलं, मुलं काय बोलली, ते लिहा. अहवालाची भाषा नको, ती आपण वरिष्ठांसाठी वापरतोच.

आठवीच्या वर्गशिक्षिका, कोथरूड
आम्ही महाडला गेलो. ताम्हिणी घाटात निम्म्या वर्गाला उलट्या. उरलेल्यांना मी सांगत होते : सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले, असा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्येच झाला होता, महाड नगरपालिकेनेही तो मानला होता. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो लोकांसह चवदार तळ्यावर जावं लागलं. मग सनातन्यांनी शेण-गोमूत्र ओतून तळं 'शुद्ध' केलं. तळ्यावरच्या हक्काचा खटला कोर्टात गेला, त्याचा निकाल लागायला १९३७ उजाडलं.

"ठराव झाला होता ना मॅडम, मग अडवलं कुणी?" प्रश्न छान होता, मी खूश.

तळ्याच्या पायऱ्यांवर एक मुलगा ओंजळ करून वाकला. मी ओरडले, "अरे, पिऊ नकोस ते पाणी!" पोट बिघडेल या धाकाने हो, दुसरं काही नाही. पण शब्द तोंडातून गेले आणि मी जीभ चावली. पोरं माझ्याकडे बघत राहिली. "कुणीच पीत नाही रे आता," असं काहीतरी पुटपुटले. तेवढ्यात मागची एक मुलगी म्हणाली, "आमच्या गावी स्मशान अजून वेगळंय." कार्यपत्रिकेत मी 'सत्याग्रहाचे वर्ष लिहा' असा प्रश्न दिला होता. ती कार्यपत्रिका मी वाटलीच नाही.

जिल्हा परिषद शाळा, हवेली तालुका
लांब कशाला जायचं? गंज पेठेतल्या फुले वाड्यात जोतिरावांनी १८६८ मध्ये अस्पृश्यांना खुला केलेला हौद आहे. मुलं म्हणाली, "एवढाच?" आमच्या घरी वेगळा पेला कुणाला देत होते, ते मी त्यांना सांगितलं. माझी आजी देत असे.

भिडेवाड्याचं मात्र फसलं. १८४८ ची मुलींची शाळा दाखवायला नेलं, पण जुना वाडा २०२३ च्या डिसेंबरात स्मारकासाठी पाडलाय. मी बुधवार पेठेच्या ट्रॅफिकमध्ये रिकाम्या जागेकडे हात करून बोलतोय आणि सगळा वर्ग समोर दगडूशेठला हात जोडून उभा!

भूगोल शिक्षक, पौड रस्ता
मुळशी धरण. १९२१ चा सत्याग्रह, सेनापती बापट, पाण्याखाली गेलेली गावं. "सर, ही लाइट आपल्याला येते का?" तेव्हा ती मुंबईसाठी होती, म्हटलं. पुढे सेल्फी.

निवृत्त मुख्याध्यापक, सदाशिव पेठ
माझं मत वेगळं. पाचवी-सहावीला जालियनवाला बागेत नेऊ नका. गोळ्यांच्या खुणांसमोर दोन बोटं वर करून फोटो काढले म्हणून मी सगळ्यांना झापलं. रात्री गाडीत त्याच मुलांपैकी दोघं झोपेनात. विहिरीत उडी घेतलेल्यांत लहान मुलं होती का, हे विचारत बसली. मला बोलवेना. शेवटी गाडीतला दिवा चालू ठेवायला लावला.

आठवीच्या वर्गशिक्षिका, कोथरूड
सर, तो ओंजळवाला मुलगा यंदा दहावीत आहे. परवा भेटला, तर पहिलं हेच विचारलंन, "मॅडम, ते पाणी तपासलं का कुणी?"