मदत हवी आहे : लडाखमधलं वीझल नेमकं कोणतं?

नमस्कार मंडळी. लडाखमध्ये त्सो कार सरोवराच्या काठी, साधारण 4,500 मीटर उंचीवर, एका वीझलचे (लांबट, सडपातळ अंगाचा छोटा शिकारी प्राणी) फोटो मिळाले आहेत. ओळख पटवायला मदत हवी आहे.

पाठ फिकट तपकिरी, पोट पिवळसर, हनुवटी पांढरी, पाय अंगापेक्षा उजळ. शरीर इतकं सडपातळ की पायकाच्या (सशाचा छोटा, उंदरासारखा दिसणारा नातेवाईक) बिळात सरळ आत शिरलं आणि थोड्या वेळाने भलत्याच तोंडातून बाहेर आलं. केवढी चपळाई! तोंडात शिकार मात्र नव्हती.

माझा अंदाज माउंटन वीझल, म्हणजे मुस्टेला अल्टाइका. पायका हे त्याचं आवडतं भक्ष्य, त्यामुळे जागाही जुळते. सायबेरियन वीझलच्या तोंडावर असतो तसा गडद मुखवटा इथे दिसत नाही. शंका आहे ती स्टोटची (वीझलचाच जवळचा भाईबंद), कारण लडाखमध्ये तोही आढळतो. स्टोटच्या शेपटीचं टोक उन्हाळ्यात-हिवाळ्यात काळंच राहतं, पण माझ्या एकाही फोटोत शेपटीचं टोक स्पष्ट आलेलं नाही. पोटाच्या रंगावर कितपत भरवसा ठेवावा? माउंटन वीझल वर्षातून दोनदा कात टाकल्यासारखे केस बदलतं, हिवाळ्यात जास्त पिवळसर दिसतं, म्हणून रंगाबद्दल जरा धाकधूक आहे.

शेपटी न दिसता या दोघांत फरक करता येईल अशी एखादी खूण आहे का? पाठ आणि पोट यांच्या रंगांमधली सीमारेषा उपयोगी पडते का? हिमालयात ज्यांनी हे प्राणी प्रत्यक्ष पाहिलेत त्यांनी जरूर सांगा. फोटो कमेंटमध्ये टाकतो आहे.