मदत हवी आहे: रात्री मार्केटला जाणाऱ्या मुलासाठी समुपदेशन (नाशिक)

नमस्कार मंडळी,

पेठ रोडला आम्ही काही जण संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालवतो. येणारी बरीचशी पोरं कामाला जाणारी. कुणी चहाच्या टपरीवर, कुणी गॅरेजला, कुणी मार्केट यार्डात टोमॅटोचे क्रेट उचलायला. त्यातल्या एकाबद्दल विचारायचंय. नाव देत नाही. वय १५, नववीत पटावर आहे, शाळेत क्वचितच दिसतो.

पावसाळ्यात त्याच्या डोळ्यांदेखत मागे येणाऱ्या टेम्पोखाली जोडीदाराचा पाय सापडला. तेव्हापासून गल्लीत रिव्हर्स हॉर्न वाजला की हातातली पेन्सिल थांबते, मान खांद्यात जाते. मग बराच वेळ तो आपल्यात नसतो. मुंबईच्या गाड्या रात्री भरतात, त्यामुळे काम रात्रीचं. घरी आल्यावरही झोप लागत नाही म्हणतो. आईच्या मते बाहेरचं काही लागलंय, वडील म्हणतात पोरगं कामचुकार झालंय. (माणसं वाईट नाहीत हो, घरात पैशांची ओढाताण आहे.)

एका ठिकाणी नेलं होतं. ओपीडी सकाळची, पोरगं रांगेतच पेंगलं. आत गेल्या गेल्या "काय झालं ते सगळं सांग." हा गप्प. आता पुन्हा यायला तयार नाही. काम सुटल्याशिवाय थेरपीचा उपयोग नाही, असं एकजण म्हणाले. मला नाही पटत. तेवढं थांबलो तर हा अठराचा होईल.

अशा मुलांसोबत काम केलेलं, संध्याकाळी वेळ देणारं नाशकात कुणी आहे का? आणि तोवर वर्गात आम्ही त्याला तो प्रसंग बोलायला लावावं का?

प्रतिसाद १
मुळीच लावू नका. मी मुलांचं समुपदेशन करते. ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी, म्हणजे धक्का बसलेल्या मुलांसाठीची टप्प्याटप्प्याची बोलण्याची थेरपी, तिची साधारण १२ ते १६ सत्रं असतात, प्रसंग सांगणं बऱ्याच उशिरा येतं. आधी हॉर्नला आपण का दचकतो ते समजावायचं, मग श्वास, अंग सैल सोडणं, भावना ओळखणं. हे गटातही होतं, कांगोत युद्धातून आलेल्या मुलग्यांसोबत गटानेच केलं होतं. श्वासाचं तुम्ही वर्गात सगळ्यांकडूनच करून घ्या, म्हणजे तो एकटा पडणार नाही.

पण रोज रात्री तो टेम्पोमागेच उभा राहणार असेल तर भीती जाणार कशी? बालकामगार कायद्यात १४ ते १८ वयाच्या मुलांना संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम देता येत नाही. आडत्याला हे स्पष्ट सांगा, नाहीच ऐकलं तर १०९८, मुलांसाठीची हेल्पलाइन. टेली मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, नंबर १४४१६, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात, फुकट आहे. वर्ग सुटल्यावर तुमच्याच फोनवरून लावून द्या.

धागाकर्ता
आभारी आहे ताई. श्वासाचं उद्यापासून सुरू करतो. आडत्याशी बोलणं सोपं आहे, अडचण घरची. रात्रीच्या कामाला पैसे जास्त मिळतात, ते बुडाले तर वडील वर्गालाही पाठवणार नाहीत. वडिलांकडे हा विषय कुणी काढलाय का? सुरुवात कुठून केलीत?